रुमालाशिवाय

“दोन,” शिवशंकरअण्णा म्हणाले. “दोन लिहा बाई. हार्ट.”

मी पेन टेकवलं नाही. सगळे पर्याय वाचून दाखवायचे आणि मगच उत्तर घ्यायचं, असा आमचा नियम होता. अण्णांनी मला दुसऱ्याच पर्यायावर अडवलं होतं.

“सगळे वाचावे लागतात, अण्णा. प्रश्न अकरा, मृत्यूचं कारण. एक, ताप किंवा साथीचा आजार. दोन, हृदयविकार. तीन, कर्करोग. चार, अपघात. पाच, बाळंतपण. सहा, आत्महत्या. सात, वार्धक्य. आठ, इतर.”

“बाळंतपण!” अण्णा हसले. “माझा धाकटा भाऊ महांतेश, अडतीस वर्षांचा बाप्या माणूस ओ. काय एकेक प्रश्न काढता तुम्ही लोक.”

“सगळ्यांना तेच प्रश्न असतात.”

“असू देत की. पण उत्तर दोनच. डॉक्टरचा दाखला आहे. दाखवू?”

“दाखला नको. घरच्यांनी तोंडी सांगितलेलं पुरतं.”

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा मार्च होता. सांगलीत, उमराणींच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात मी बसले होते. हळदीच्या पेठेत उमराणी हे मोठं नाव. आमच्या फॉर्ममध्ये घरातल्या वस्तूंची वीस ओळींची यादी असे, सायकलपासून मोटारीपर्यंत. जितक्या वस्तू तितके गुण. त्या घराला वीसपैकी वीस मिळाले होते. तोवर मी चारशेच्या वर घरं केली होती, पण वीस कुणाला पडले नव्हते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून एका संशोधन संस्थेत सहा महिन्यांच्या करारावर लागले होते. गेल्या दहा वर्षांत घरात कोण वारलं, कशानं वारलं आणि घरची स्थिती कशी, हे दारोदार जाऊन विचारायचं, एवढंच काम. डॉ. मोहोनी आमचे प्रमुख. पैसा आणि आत्महत्या यांचा संबंध ते मांडत होते. त्यांच्या आलेखातली रेघ सुंदर यायला लागली होती. गुण वाढत जातात तसा सहाचा आकडा उतरत जातो, आणि पंधरा गुणांच्या पुढं शून्य.

मला त्या शून्याचा त्रास होत होता. कारण त्याच घरांमध्ये चाळिशीच्या आतले दोन नंबर फार होते. श्रीमंत वस्तीतली तरुण हृदयंच तेवढी इतकी कच्ची का, हे मला उलगडत नव्हतं.

अण्णांच्या शेजारी दिवाणावर त्यांच्या आई बसल्या होत्या. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणत. मांडीवर राखाडी शाल, मार्चच्या उन्हाळ्यातही. मी आल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“अव्वाला ऐकू कमी येतं,” अण्णा म्हणाले. “तिला विचारू नका.”

महांतेशच्या पत्नी गिरिजावहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्या आत गेल्या तेव्हा अव्वांनी माझं मनगट धरलं.

“किती गार हात गं तुझे, पोरी,” त्या म्हणाल्या, आणि माझा उजवा हात ओढून शालीखाली घेतला.

“झालं,” अण्णा म्हणाले. “आता ती सोडत न्हाई. नातवंडासारखं करते सगळ्यांना. तुम्ही डाव्या हातानं लिहा.”

मी हसले. म्हाताऱ्या माणसाचा हात, असं म्हणून स्वस्थ बसले. शालीखाली अव्वांनी माझा पूर्ण पंजा आवळला आणि सोडला. मग माझं पहिलं बोट तेवढं धरलं आणि सोडलं.

थोडं थांबून पुन्हा पंजा, पुन्हा एक बोट.

तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी मोजायला लागले.

ही भाषा मला येत होती. माझे वडील त्याच पेठेत तोलार होते, हळदीची पोती तोलायचं काम. आल्याआल्या ओळख देताना ते मी सांगितलं होतं. पूर्वी हळदीचे सौदे रुमालाखाली होत. दलाल व्यापाऱ्याच्या हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरून भाव सांगायचा. चारचौघांत उभं राहून फक्त दोघांनाच कळायचं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. सहा सांगायचे तर आधी पंजा, मग एक बोट. दहाच्या पुढं गेलं तर आधी दहाचं बोट, मग जरा थांबून वरचा आकडा. मान्य असेल तर समोरच्यानं तेच परत दाबायचं. नसेल तर हात झटकायचा. वडील मला उशीच्या अभ्र्याखाली हे शिकवायचे. पाढे मी असेच पाठ केले.

पंजा आणि एक बोट. सहा.

मी अण्णांकडं पाहिलं. ते चहा बशीत ओतत होते. शालीखाली मी अव्वांचा पंजा दाबला, मग त्यांचं एक बोट.

अव्वांनी डोळे मिटले. त्यांचा हात सैल पडला. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पुन्हा माझं एक बोट धरलं. थांबल्या. मग पंजा. मग दोन बोटं.

सतरा.

फॉर्मवर सतराव्या क्रमांकाचा पर्याय कुठंच नव्हता. प्रश्नही सोळाच होते. मी परत काही दाबलं नाही, कारण मला कळलंच नव्हतं. अव्वांनी ते पुन्हा सांगितलं, या वेळी जोरानं. त्यांची नखं रुतली.

“झालं का बाई?” अण्णांनी कप खाली ठेवला. “मला दीडच्या सौद्याला जायचंय.”

हात सोडवून मी उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहोनी सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर उमराणींचा फॉर्म होता.

“भोरे, तुझे फॉर्म मी डोळे झाकून घेतो. आजवर एक चूक नाही. मग हे काय? अकराव्याला दोन लिहिलंस, आणि समासात पेन्सिलीनं सहा?”

“दोन हे अण्णांचं उत्तर आहे, सर. सहा अव्वांचं.”

“त्या बोलल्या?”

“त्यांनी हातानं सांगितलं.”

मी त्यांना सगळं सांगितलं. सर चष्मा काढून ऐकत होते. ते चांगले गृहस्थ होते. चिडले की आवाज खाली आणत.

“बोटांचं उत्तर मी घेऊ?” त्यांनी हळू विचारलं. “उद्या कुणी म्हणेल, समोरच्याच्या भुवया उडाल्या म्हणून मी सहा लिहिलं.”

“सर, या गावात हळदीचे मोठे मोठे सौदे रुमालाखालच्या बोटांवर झाले. बोटं धरून सांगितलेल्या आकड्यावरनं कुणी फिरलं नाही. तोंडी बोललेल्यावरनं फिरतात.”

“तो व्यापार. हे शास्त्र.”

“दोन्हीकडं आकडा खरा असावा लागतो.”

सरांनी समासातलं सहा पुन्हा पाहिलं. “बरं. सहा धरलं तरी वीस गुणांच्या घरातला तो एकच. त्यानं रेघ हलत नाही.”

“एकच घर बोललं, सर. बाकीच्या घरांत तोलाराच्या मुलीचा हात कुणी धरला नाही.”

“आणि ते सतरा? ते कुठं बसवू?”

मी फॉर्म माझ्याकडं ओढला. सतरा महिने? महांतेश जाऊन पाच महिने झाले होते. सतरा तारीख? तीही नव्हती. रात्रभर मी याच वाटा धुंडाळल्या होत्या, आणि तीच माझी चूक होती. मी मृत्यूच्या पानावर शोधत होते. सरांच्या समोर उभी राहून मी पान उलटलं. पहिल्या पानावर घरात राहणाऱ्यांची नावं होती, माझ्याच अक्षरात.

श्रीमती गुरव्वा, ७४. शिवशंकर, ५१. सुशीला, शिवशंकर यांच्या पत्नी, ४६. गिरिजा, ३६.

नीलांबिका, महांतेश यांची मुलगी. १७.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. सरांनी वाचलं. त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा वाचलं.

“सहाच्या पाठोपाठ सतरा. अव्वांना या मुलीची भीती वाटतेय. मला जायला हवं,” मी म्हणाले.

“सर्वेक्षक त्याच घरी परत जात नाही, भोरे. सल्ला देत नाही. नियम माहीत आहेत तुला. एका घरानं तक्रार केली तर ती वस्ती बंद होईल. सहा महिन्यांचं काम…”

“मग मी सर्वेक्षक म्हणून जात नाही.”

गळ्यातलं ओळखपत्र काढून मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. शेजारी फॉर्मची पिशवी. सरांनी ते उचललं नाही आणि परतही केलं नाही.

“तिला काय सांगणार आहेस?” त्यांनी दारात विचारलं.

“सांगणार नाही. विचारणार आहे.”

सौदे दीडला सुरू होत, म्हणजे अण्णा पेठेत असणार. मी दोनला पोहोचले. दार गिरिजावहिनींनी उघडलं. मी काही बोलायच्या आत आतून अव्वांचा आवाज आला.

“आली का ती? वर पाठव.”

ऐकू कमी येणाऱ्या बाईच्या मानानं दार वाजल्याचं त्यांना फार लवकर कळलं होतं.

नीला माडीवरच्या गॅलरीत बसली होती. समोर बारावीची पुस्तकं होती, उघडी, पण वाऱ्यानं उघडलेली. मुलगी बारीक झाली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या.

“तुम्ही त्या आकडेवाल्या बाई ना?” ती म्हणाली. “काल खाली आमचे फ्रीज मोजत होता.”

“दोन आहेत.”

“तीन. एक अव्वाच्या खोलीत, औषधांचा. चुकलं तुमचं.”

“सुधारते.”

तिला थोडं हसू आलं. मी समोरच्या कट्ट्यावर बसले. नेमकी सुरुवात कुठून करतात ते मला माहीत नव्हतं. मानसशास्त्र मी शिकले नव्हते. मला फक्त सरळ प्रश्न विचारायची सवय होती.

“बाबा कसे गेले?”

“हार्ट,” ती म्हणाली. तयार उत्तर होतं. मग माझ्याकडं पाहत राहिली. “रोज सकाळी ते गणपती मंदिरापर्यंत पळत जायचे. मी सायकलवर आणि ते पळत. मीच दमायची.”

“म्हणजे हृदय चांगलं होतं.”

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही.”

“मग कशाला आलात? फ्रीज मोजायला?”

“अव्वांनी बोलावलं.”

ती पुस्तकाचं पान बोटानं दाबत राहिली. “अण्णाकाका म्हणतात, नाव काढायचं नाही. आपल्या घरात असं होत नसतं. मोटार, बंगला, शेत, सगळं असताना माणूस असं का करेल? लोक विचारणार, काय कमी होतं? सगळ्यांनी तेच विचारलं असतं. मग काय सांगायचं? मीपण तेच विचारते त्यांना मनात. काय कमी होतं ओ बाबा? काय कमी होतं आमच्यात?” ती थांबली. “तुम्हाला नाही कळायचं.”

“माझे वडील तुमच्याच पेठेत तोलार होते,” मी म्हणाले. “यशवंत भोरे. मी सोळा वर्षांची असताना त्यांनी जीव दिला.”

हे वाक्य मी त्याआधी कधीच उच्चारलं नव्हतं. आईसमोर नाही, मैत्रिणींसमोर नाही. फॉर्म भरताना सहावा पर्याय मी शेकडो वेळा वाचला होता, स्वच्छ आवाजात. पण हे वाक्य नाही. ते बोलताना माझा आवाज मला परका वाटला.

नीलानं पुस्तक मिटलं. “का?”

“माहीत नाही. पेपरात आलं होतं, पोटदुखीला कंटाळून. तीन ओळी.”

“दुखायचं त्यांचं पोट?”

“एकदाही नाही.”

“मग असं का छापलं?”

“पंचनाम्याला कारण लागतं. आमच्यासारख्यांच्या घरी पोलीस येतातच, मग काहीतरी लिहावं लागतं. पोटदुखी लिहितात. आम्हीही तेच सांगायला लागलो. आमच्याकडं पोट, तुमच्याकडं हृदय.”

“तुमच्या घरात काय कमी होतं?”

“खूप काही. वीसपैकी तीन गुण आमच्या घराला. पण आमच्या चाळीतल्या सगळ्याच घरांना तीन होते, आणि बाकी सगळे वडील संध्याकाळी घरी यायचे. म्हणून कमी होतं म्हणून गेले, असंही मला म्हणता येत नाही.”

खाली कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

“तुझ्या मनात येतं का, मरावं असं?” मी विचारलं.

असं विचारू नये, डोक्यात नसेल तर भरतं, असं लोक म्हणतात. पुढं मी वाचलं की ते खरं नाही. त्या दिवशी वाचलेलं नव्हतं. अव्वांची नखं तेवढी आठवत होती.

“येतं,” नीला म्हणाली, इतक्या साधेपणानं की जणू कुणीतरी विचारण्याचीच वाट पाहत होती. “आधी कधीतरी यायचं. आता रोज.”

“आज?”

“आज सकाळी. मग अव्वानं हाक मारली. ती रात्रंदिवस हाका मारत असते, पाणी दे, शाल दे. मला वाटायचं, भ्रमिष्ट झाली. उन्हाळ्यात शाल मागते.”

तिनं मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले. मी जवळ जाऊन बसले आणि तिचा हात धरला, साधा, कुठलाही आकडा न सांगता.

“मिरजेत एक डॉक्टर आहेत,” मी म्हणाले. “मनाचे. कॉलेजात असताना मी आईला त्यांच्याकडं नेत होते, दर बुधवारी. आईला झोप लागायला लागली. चमत्कार नाही काही. तापाचं औषध असतं तसं असतं. आज जाऊ या. मी बरोबर येते.”

“अण्णाकाका सोडणार नाहीत.”

“ते मी बघते.”

“तुमच्या कागदावर,” तिनं नाक पुसत विचारलं, “तुमच्या वडिलांचं काय लिहिलंय? तुमचं घरपण मोजलं असेल ना?”

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली मोटारीचं दार वाजलं होतं.

शिवशंकरअण्णा दिवाणखान्याच्या मध्यात उभे होते. टोपी हातात, कपड्यांवर हळदीची पिवळी धूळ. नीलाचा हात धरून मी जिना उतरले. तिची आई, गिरिजावहिनी, स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

“काय ओ बाई? कालचं पुरलं न्हाई काय?”

“नीलाला डॉक्टरांकडं न्यायचंय, अण्णा. मिरजेला. आजच.”

“काय झालंय तिला? परीक्षा आल्या म्हणून जेवत न्हाई जरा.”

“तिला रोज मरावंसं वाटतंय.”

गिरिजावहिनींनी दाराची चौकट धरली. अण्णांचा चेहरा लाल झाला.

“कोण म्हणतंय? तुम्ही भरवलंत तिच्या डोक्यात! पोरीचं लग्न व्हायचंय अजून. त्या डॉक्टरच्या दारात आमची गाडी उभी दिसली तर काय म्हणतील लोक? वेड लागलं म्हणतील. आमच्या घरात असलं काही न्हाई. माझा भाऊ हार्टनं गेलाय. सांगितलं ना काल? दोन!”

“शिवू,” अव्वा म्हणाल्या.

दिवाणावरून त्या उठत होत्या. शाल घसरून खाली पडली. ती उचलायला नीला पुढं झाली, तर अव्वांनी हातानंच नको म्हटलं. भिंत धरत त्या मुलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“हात दे.”

“अव्वा, बस तू. तुला काय…”

“उमराण्याचा पोरगा ना तू? बाप पेठेत पन्नास वर्षं बसला. हात दे म्हटलं की देतात.”

अण्णांनी हात पुढं केला. अव्वांनी तो धरला. रुमाल नाही, पदर नाही, शाल नाही. पेठेत असं कुणी कधी करत नसे. उघड्या हातावर भाव सांगणं म्हणजे समोरच्याची अब्रू काढणं. आम्ही सगळे बघत होतो. अव्वांनी त्यांचा पंजा आवळला आणि सोडला. मग एक बोट धरलं.

“सांग आता,” त्या म्हणाल्या. “खोटा आहे आकडा? खोटा असला तर झटक हात.”

अण्णांनी हात झटकला नाही.

“त्याला खांदा तू दिलास,” अव्वा म्हणाल्या. “डॉक्टरला दाखला तसा लिहायला तू सांगितलास. मी गप्प बसले. घराचं नाव, म्हणून बसले. आता एक ऐक.” त्यांनी पुन्हा बोट धरलं. थांबल्या. मग पंजा. मग दोन बोटं.

सतरा काय, हे अण्णांना माझ्यासारखं शोधावं लागलं नाही. त्यांनी मान वळवून पुतणीकडं पाहिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा बघत असावेत तसं, मनगटं, बांगड्या, डोळ्यांखालचं काळं. नीला नजर न चुकवता उभी राहिली.

मग त्यांनी आईचा पंजा दाबला. एक बोट धरलं. आणि धरूनच राहिले. पन्नाशीचा तो दांडगा माणूस आईचं बोट मुठीत घेऊन उभा होता.

“गाडीचा नंबर सगळे ओळखतात, अव्वा,” ते शेवटी म्हणाले.

“ओळखू देत,” गिरिजावहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी पायांत चपला सरकवल्यासुद्धा होत्या. “मी येते बरोबर.”

आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांच्या फाटकासमोर, भर रस्त्यात, चार वाजल्यापासून, उमराणींची पांढरी मोटार दीड तास उभी होती. अण्णा आत बसले नाहीत. मोटारीला टेकून बाहेर उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या दोघा-तिघांनी त्यांना नमस्कार केला, तो त्यांनी घेतला.

पुढं वर्षभर ती मोटार दर आठवड्याला तिथं लागत होती. नीलानं त्या वर्षी परीक्षा दिली नाही, पुढच्या वर्षी दिली. मध्ये दोन वेळा दिवस वाईट आले. दोन्ही वेळा तिनं स्वतः आईला सांगितलं. आज ती पुण्यात एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. मधूनच तिचा फोन येतो. “काय आकडेवाल्या बाई,” असंच सुरू करते. तिचं लग्न झालं. ठरायच्या आधी मुलाकडच्यांना सगळं सांगितलं होतं, आणि सांगायला अण्णा गेले होते.

पण माझ्यापुरता तो प्रसंग मिरजेत संपला नाही.

आठवड्यानं शिवशंकरअण्णा संस्थेचा जिना चढून आले. मोहोनी सरांनी माझं ओळखपत्र अजून टेबलावरच ठेवलं होतं. मी त्या दिवशी ते घ्यायचं की नाही हे ठरवायला गेले होते. अण्णा सरांच्या समोरच्या खुर्चीवर बसले. टोपी मांडीवर ठेवली.

“प्रश्न अकरा,” ते म्हणाले. “उत्तर बदलायचंय. तोंडी लागतं ना तुम्हाला? सहा. लिहा.”

सरांनी फॉर्म काढला आणि पेन माझ्याकडं दिलं. खाडाखोडीचा आमचा नियम कडक होता. गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही. आधीचं उत्तर वाचता यायला हवं. एक आडवी रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही. मी दोनवर रेघ मारली आणि सहा लिहिलं.

अण्णा जिना उतरून गेले. सर आलेखाकडं बघत बसले होते. पंधराच्या पुढच्या शून्यांकडं.

“पुन्हा करावं लागेल हे सगळं,” ते म्हणाले. “वेगळ्या रीतीनं विचारावं लागेल. राहशील?”

“राहते. पण त्याआधी एक फॉर्म काढायचाय.”

“कुठला?”

“एकशे बारा. तोलार चाळ.”

कपाटातला गठ्ठा त्यांनी स्वतः सोडला. एकशे बारा नंबरचा फॉर्म पहिल्या महिन्यातला होता. सायकल, रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ. वीसपैकी तीन. मृताचं नाव यशवंत, वय चव्वेचाळीस. माहिती देणार, मुलगी. माहिती घेणार, तीच. प्रश्न अकरासमोर माझ्या नेटक्या अक्षरात आठ होतं, आणि कंसात, इतर, पोटाचा विकार.

सरांनी तो वाचला आणि माझ्यासमोर सरकवला. माझ्या फॉर्ममध्ये आजवर एक चूक नाही, असं त्यांनी म्हटलं होतं.

मी आठवर आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी. वर सहा लिहिलं, आणि शेजारी पूर्ण नावानं सही केली. कालिंदी यशवंत भोरे.